मराठवाड्याचा मग कसा घडवावा: चिन्हं, प्राणी आणि पदार्थांच्या निवडीपासून छपाईपर्यंत

अजिंठा-वेरूळच्या वाटेवर मग विकत घ्यायला गेलात तर बहुतेक ठिकाणी एकच चित्र समोर येतं: कैलास लेण्याचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत गावाचं नाव. लेणी आपलीच आहेत, त्यांचा अभिमान आहेच. पण मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे. मगावर उरलेल्या मराठवाड्याला जागा का नसावी? जालन्याची मोसंबी, कंधारची लाल गाय, पैठणच्या नाथसागर जलाशयावर उतरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), लातूर-धाराशिवच्या शिवारातली वेळ अमावस्या, यातलं काहीही सातारकर किंवा नागपूरकर माणसाच्या हातात ठेवलं तर त्याला आपला प्रदेश लेण्यांपलीकडेही कळेल. संग्राहक मगाचं कामच ते आहे. तो वर्षानुवर्षं कुणाच्या तरी फडताळात राहतो आणि पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला लावतो.

हा लेख असा मग स्वतः घडवू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुमचा बचत गट असेल, हुरडा पार्टीचं शेत असेल, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असेल किंवा चित्रकलेची आवड असेल. पायऱ्या त्याच आहेत.

हद्द आधी आखा

कागदावर पहिली रेघ मारण्याआधी आपण कुठला प्रदेश दाखवतोय हे पक्कं करा. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड हे आठ जिल्हे म्हणजे मराठवाडा. जुने नकाशे समोर ठेवून चित्र काढत असाल तर जपून. 1981 मध्ये जालना, 1982 मध्ये लातूर आणि 1999 मध्ये हिंगोली हे जिल्हे वेगळे झाले, त्यामुळे त्याआधीच्या नकाशात पाचच जिल्हे दिसतात. संभाजीनगर आणि धाराशिव ही नावंही 2023 पासून अधिकृत आहेत.

हद्द आखली की काही लोकप्रिय गोष्टी आपोआप बाहेर जातात. लोणारचं सरोवर बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात आहे. माळढोक पक्ष्याचं नान्नज सोलापूरकडे आहे. सगळ्यात जास्त चुकतं ते शेकरूच्या बाबतीत. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे म्हणून तो सगळ्या मगांवर उड्या मारत असतो. पण त्याला उंच, दाट, फांद्यांत फांद्या गुंतलेलं जंगल लागतं. भीमाशंकरच्या मगावर तो शोभतो. बालाघाट डोंगररांगेच्या खुरट्या झाडीत त्याला बसवणं म्हणजे खोटं चित्र काढणं. ताम्हण हे राज्यफूल आणि ब्लू मॉरमॉन हे राज्यफुलपाखरू यांचंही तसंच: ती राज्याची चिन्हं आहेत, मराठवाड्याची ओळख त्यांनी होत नाही. राज्याचं चिन्ह वापरू नये असा नियम अर्थातच नाही. पण मगाभोवती छापायच्या साडेसहा सेंटिमीटर उंचीच्या पट्टीत जागा मोजकी असते. ती आपल्या मातीतल्या गोष्टींना द्यावी असं माझं ठाम मत आहे.

एक धागा पकडा

आता यादी करा. मनात येईल ते सगळं लिहा, मग त्यातलं तीन-चतुर्थांश खोडा. एकाच मगावर कैलास, बीबी का मकबरा, देवगिरी, पैठणी, मोर, भाकरी, सीताफळ आणि गोदावरी असं सगळं कोंबलं की एक ना धड भाराभर चिंध्या. सोपा उपाय म्हणजे एक धागा घ्यायचा. जिल्हा हा एक धागा झाला. आठ जिल्ह्यांचे आठ मग ही संग्राहकांना आवडणारी मालिका होते. गोदावरी हा दुसरा: पैठण, नाथसागर, नांदेड. पण मला सगळ्यात भावतो तो ऋतूचा धागा. कारण ऋतू धरला की पीक, पाखरं, जनावरं आणि ताट आपोआप एका चित्रात येतात. त्यांना ओढूनताणून जोडावं लागत नाही.

पुढची सगळी उदाहरणं मी हिवाळ्याच्या मगाची घेतो. डिसेंबर-जानेवारीचा मराठवाडा डोळ्यांपुढे आणा. रब्बीची ज्वारी कणसावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, तूर वाळत आलेली. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कोवळी कणसं भाजली जातायत, चोळून हिरवागार हुरडा निघतोय, सोबत शेंगदाण्याची आणि तिळाची चटणी, दही, गूळ. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे गावंच्या गावं शिवारात जातात. कडब्याची खोप उभारतात, पाच दगड रंगवून पांडव म्हणून पूजतात आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं जेवण होतं. त्याच दिवसांत पैठणच्या नाथसागरावर रोहित आणि चक्रवाक आलेले असतात. माळावर आणि ज्वारीच्या कडेला काळवीट दिसतात. एवढं पुरे आहे. यातून चार गोष्टी निवडा: ज्वारीचं कणीस, वेळ अमावस्येची खोप आणि ताट, काळवीट, रोहित.

पदार्थ आणि पिकं: रंग आणि आकार चुकवू नका

कणसापासूनच सुरुवात करू, कारण इथेच तयार चित्रांचा घोटाळा होतो. इंटरनेटवरच्या फुकट चित्रांत ‘धान्य’ म्हणून मिळतं ते गव्हाच्या कुसळांचं किंवा मक्याचं कणीस. ज्वारीचं कणीस गच्च, अंडाकृती, गोल दाण्यांनी भरलेलं असतं. ते बाजरीसारखं लांब नळीचं नसतं आणि त्याला गव्हासारखी लांब कुसळंही दिसत नाहीत. हुरड्याच्या दिवसांत दाणा हिरवट, दुधाळ असतो. पिकल्यावर तो मोत्यासारखा पांढरट-पिवळा होतो. हिवाळ्याच्या मगावर हिरवा दाणाच हवा. शक्य असेल तर शेतातून एक कणीस आणा, टेबलावर ठेवा आणि बघून काढा. पान कसं खोडाला आवळून निघतं आणि मग टोकाशी झुकतं, हे पाहिल्याशिवाय काढता येत नाही.

ताटात भज्जी दाखवताना पिवळ्या रश्श्यावर थांबू नका. वेळ अमावस्येची भज्जी म्हणजे हरभरा, तूर, वाल यांचे ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन. तिच्या पिवळ्या रंगात हिरवे दाणे वर आलेले दिसले पाहिजेत. शेजारी आंबिलीचं मडकं. आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, म्हणून तिचा रंग मळकट पांढरा. ताटाला धातूची चकाकी देण्याच्या नादात पदार्थ हरवू नये.

दुसऱ्या ऋतूचा किंवा जिल्ह्याचा मग करणाऱ्यांसाठी फळांबद्दल थोडं सांगतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या मालाची सरकारी नोंद) आहे. पण तिला नारिंगी रंग दिलात की ती नागपूरचं संत्रं झाली. मोसंबी हिरवट-पिवळी, साल घट्ट चिकटलेली, कापलेली फोड फिकट पिवळी. बीडच्या सीताफळालाही मानांकन आहे. ते काढताना डोळ्यांमधल्या खाचा पांढरट-पिवळसर करा, कारण फळ तयार झाल्याची तीच खूण. त्या खाचा हिरव्या राहिल्या तर जाणकार लगेच म्हणेल, कच्चं तोडलंय. मराठवाड्याचा केसर आंबा टोकाशी किंचित वळलेला असतो, त्याला हापूससारखा गोलसर करू नका. वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा, पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ, कास्तीची कोथिंबीर आणि जालन्याची दगडी ज्वारी यांना 2024 मध्ये मानांकन मिळालं. यातल्या चिंच आणि हळकुंडाचा आकार रेषेत छान उतरतो. खवा आणि डाळ यांना मात्र पातेलं किंवा पोतं दाखवावं लागतं, नाहीतर तो नुसता ढीग वाटतो.

संभाजीनगर शहराचा मग असेल तर नान खलिया हवाच. नान गोल, फुगीर, वरून पिवळसर तांबूस चमक असलेला. खलिया वाडग्यात, वर तर्री. भाकरी, ठेचा, धपाटे, येसराची आमटी, सुशीला हे आपलं रोजचं खाणं सुंदर दिसतं, पण भाकरी आणि धपाटा मगावर सहज ओळखू यावेत यासाठी धपाट्यावरची बोटांनी पाडलेली भोकं दाखवायला विसरू नका.

प्राणी-पक्षी: जवळून पाहिल्यासारखे

काळविटाचा नर वरून गडद तपकिरी ते काळा, पोट पांढरंशुभ्र आणि डोळ्याभोवती पांढरं कडं. शिंगं पिळदार, वर जाताना एकमेकांपासून फाकत जाणारी. मादी फिकट बदामी आणि बिनशिंगांची. कळप दाखवायचा असेल तर सगळ्यांना शिंगं लावू नका. चिंकारा काढायचा असेल तर त्याची शिंगं पिळाची नसतात, त्यांवर कड्यांसारख्या वळ्या असतात आणि ती पाठीमागे हलकी वाकतात. हे दोन प्राणी तयार चित्रांत सर्रास एकमेकांच्या जागी टाकलेले असतात.

रोहित हा बहुतेक वेळा भडक गुलाबी रंगवला जातो. आपल्याकडे येणारा मोठा रोहित पाण्यात उभा असताना जवळजवळ पांढरा, गुलाबी झाक असलेला दिसतो. पंख उघडले की आतला लालसर गुलाबी आणि काळा रंग झळकतो. चोच गुलाबी, टोक काळं, मध्येच खाली वाकलेली. म्हणजे मगावर रंग हवा असेल तर पक्षी उडताना काढा. उभा काढायचा असेल तर मागे नाथसागराचं निळं-करडं पाणी द्या, त्यात तो उठून दिसेल. सोबत चक्रवाकांची जोडी ठेवली तर नारिंगी-तांबूस रंगाने चित्राला ऊब येते. नाथसागर म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. तिथलं पक्षी अभयारण्य 1986 पासूनचं आहे. एवढी ओळ मगाच्या तळाशी किंवा सोबतच्या चिठ्ठीवर लिहिण्यासारखी आहे.

बीडच्या मगावर मोर हक्काने येतो, कारण पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. पैठणीच्या पदरावरही मोर असतो. दोघांना एका मगावर आणायचं असेल तर एक जिवंत, दुसरा विणकामातला असा फरक रेषेत ठेवा: विणलेला मोर ताण्या-बाण्याच्या चौकटीत, पायरी-पायरीच्या कडांचा.

पाळीव जनावरांना मगावर कुणी जागा देत नाही याची मला खंत वाटते, कारण या प्रदेशाने देशाला दिलेल्या जनावरांच्या जातींना खरोखर गावांची नावं आहेत. कंधारची लाल कंधारी गडद लाल. लातूरकडची देवणी पांढरी आणि काळ्या ठिपक्यांची, पुढे आलेलं कपाळ आणि लोंबते कान. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगभेद आहेत: वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्याच्या अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके, शेवऱ्याच्या सगळ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. डाग कुठे टाकले यावरून पशुपालक तुमचं चित्र पारखतील. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी असते. तिला मगावर नुसती सावली म्हणून काढलं तरी ती ओळखू येते.

वास्तू

यावर फार वेळ घालवत नाही, कारण संदर्भ मुबलक आहेत. दोनच गोष्टी. बीबी का मकबरा काढताना ताजमहालाचं तयार चित्र उचलू नका. मकबऱ्यात घुमट लहान आणि त्या मानाने मिनार भारदस्त आहेत, सगळी इमारत अरुंद आणि उभी वाटते. आणि कैलास लेणं समोरून काढण्यापेक्षा वरच्या डोंगरकड्यावरून काढा. ते एकाच खडकातून वरून खाली कोरत नेलंय, हे त्या कोनातूनच समजतं. बाकी नळदुर्गचा पाणीमहाल, तेरचं त्रिविक्रम मंदिर, पितळखोरा, औसा, परांडा, उदगीर यांची पाळी यायला हवी. त्यांचे मग कुठेच मिळत नाहीत.

श्रद्धा आणि कायदा

मग ओठांना लागतो, उष्टा होतो, मोरीत पडतो आणि एक दिवस फुटतो. म्हणून तुळजाभवानी, रेणुकामाता, ज्योतिर्लिंगं, गुरू गोविंदसिंगजी, बुद्ध, संत एकनाथ यांच्या प्रतिमा मगावर घेऊ नयेत. कुणी दुखावेल या भीतीपेक्षा ती वस्तू तशी वापरली जाणार आहे, हे कारण मला मोठं वाटतं. अजिंठा दाखवायचा असेल तर बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चेहऱ्याऐवजी छतांवरची कमळं, हंस, फळं-वेली घ्या. ती पट्टीवर बसतातही छान. तुळजापूरसाठी संबळ चालेल. कवड्यांची माळ हे देवीच्या भक्तांचं गळ्यातलं चिन्ह आहे, तेव्हा ती काढण्याआधी तिथल्या आराधी-गोंधळ्यांना विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर सोडून द्या.

अशोकस्तंभाचं चिन्ह मगावर छापता येत नाही. त्याच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. दुसऱ्याने काढलेला फोटो किंवा चित्र लेखी परवानगीशिवाय घेऊ नका. मानांकन मिळालेल्या फळाचं चित्र काढायला हरकत नाही, पण मानांकनाचं सरकारी बोधचिन्ह मगावर लावून तो मगच मानांकित आहे असा आभास करू नका. छापील नक्षीच्या मगाला ‘अस्सल पैठणी’ म्हणणं हीसुद्धा विणकरांची फसवणूक आहे.

पट्टीवर मांडणी

बाजारातला नेहमीचा मग साधारण 325 मिलीचा, 9.5 सेंटिमीटर उंच आणि 8.2 सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याचा घेर 25.7 सेंटिमीटरच्या आसपास भरतो. मगाच्या कानाजवळची (धरायच्या कडीजवळची) जागा सोडली की सुमारे 20 सेंटिमीटर लांबीची पट्टी हाती राहते. वरच्या कडेपासून 2 सेंटिमीटर मोकळे सोडा, कारण तिथे ओठ लागतात आणि रंग तिथे नसलेलाच बरा. खालून थोडी जागा सोडली की चित्राला साडेसहा-सात सेंटिमीटर उंची मिळते. फाइल 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) करा. 20 सेंटिमीटरला 2362 पिक्सेल लागतात.

आता मुख्य गोष्ट. पट्टी सपाट असताना पूर्ण दिसते, मगावर एका वेळी जेमतेम तिचा तिसरा भाग दिसतो. म्हणून तिचे तीन भाग करा. उजव्या हाताने मग धरणाऱ्याला पट्टीचा उजवा भाग दिसतो. डावा भाग त्याच्या समोर बसलेल्याला दिसतो. मधला भाग कानाच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो. आपल्या हिवाळी मगात मी काळवीट आणि ज्वारी डावीकडे ठेवेन, म्हणजे समोरच्याला ती दिसतील. मध्ये नाथसागर आणि उडते रोहित. उजवीकडे खोप आणि ताट, पिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. तिन्ही भागांना जोडायला खालून काळ्या रानाची एक रेघ सलग फिरवा.

कागदावर खऱ्या मापात छापा, पट्टी कापा आणि घरातल्या कुठल्याही मगाला गुंडाळून टेबलावर ठेवा. तीन पावलं मागे जा. काळवीट कुत्र्यासारखं दिसतंय का? कणीस ओळखू येतंय का? हा तपास घरातल्या लहान मुलाकडून करून घेतला तर उत्तर सरळ मिळतं.

अक्षरं

मजकूर कमी ठेवा: ‘मराठवाडा’, ऋतू किंवा जिल्हा, आणि मालिका असेल तर क्रमांक. मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट मिळतात. ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बालू’ (Baloo) हे त्यातले चांगले. छपाईवाल्याकडे फाइल देताना अक्षरांचं आकृत्यांमध्ये रूपांतर करून द्या. नाहीतर त्याच्या संगणकावर दुसरा फॉन्ट लागतो, ‘हिंगोली’तली पहिली वेलांटी ‘ह’च्या उजवीकडे सरकते, ‘छत्रपती’तला ‘त्र’ फुटून त-हलन्त आणि र असा वेगळा पडतो. शंभर मगांवर हे छापून आल्यावर इलाज नाही. वर्ष तळाशी छापा. संग्राहक पहिल्यांदा तळ बघतात.

छपाई: दोन रस्ते

पहिला रस्ता सब्लिमेशनचा. जिल्ह्याच्या ठिकाणी फोटो स्टुडिओवाले हेच करतात. खास शाईने कागदावर उलटं चित्र छापतात, लेप असलेल्या पांढऱ्या मगाला ते उष्णता सहन करणाऱ्या टेपने चिकटवतात आणि मग प्रेसमध्ये साधारण 180 ते 200 अंशांवर तीनेक मिनिटं दाबतात. दहा-वीस मग हवे असतील तर हाच मार्ग. पण लक्षात ठेवा, या पद्धतीत पांढरी शाई नसते. काळविटाचं पोट, देवणीचं अंग, रोहिताचे पंख हे सगळे पांढरे मगाचेच पांढरे असणार. म्हणून त्यांच्या मागे रंग असायलाच हवा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं विरून जाईल. कागद मगावर जरा हलला तर चित्राला भुताटकीसारखी दुसरी कड येते; पहिला मग हातात घेऊन कडा नीट बघा. खरखरीत घासणीने हा थर हळूहळू विटतो.

दुसरा रस्ता डिकलचा. चिनी मातीच्या रंगांनी छापलेला पातळ थर पाण्यात भिजवून मगावर सरकवतात, रबराच्या पट्टीने खालचं पाणी आणि हवा काढतात आणि मग भट्टीत साधारण 750 ते 850 अंशांवर भाजतात. रंग चकाकीत मुरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. उत्तर प्रदेशातल्या खुर्जासारख्या ठिकाणचे कारखाने हे काम करतात, पण थोड्या नगांसाठी सहसा कुणी भट्टी लावत नाही. संग्राहक मालिका करायची असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. लाल आणि गुलाबी रंग भट्टीच्या तापमानाला फार हळवे असतात, तेव्हा लाल कंधारी आणि रोहित यांचा भाजलेला नमुना पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. रंग शिसे आणि कॅडमियमच्या चाचणीत उतरलेत का, हे कारखान्याकडून लेखी घ्या. सोनेरी काठ पैठणीच्या जरीसारखा मोहवतो, पण असा मग मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. तसं चिठ्ठीवर लिहा.

नमुना आणि वेष्टन

कुठल्याही रस्त्याने गेलात तरी आधी एकच मग करून घ्या आणि तो आठवडाभर घरात वापरा. उकळता चहा ओता, साबणाने घासा, लिंबाचं सरबत ठेवा. चित्र एखाद्या शेतकऱ्याला आणि एखाद्या पक्षीनिरीक्षकाला दाखवा. दोघांनी मान हलवली की मगच बाकीचे छापायला द्या.

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी घाला: चित्रात काय आहे, ते कुठे आणि कधी पाहायला मिळतं, चित्र कुणी काढलं. हुरडा डिसेंबर ते फेब्रुवारी, नाथसागराचे पाहुणे पक्षी हिवाळ्यात, वेळ अमावस्या मार्गशीर्षात. आणि डबा मजबूत घ्या. दुपदरी पुठ्ठा, मगाच्या आतही कागदाचा गोळा, कानाभोवती वेगळी गुंडाळी, कारण मग पडला की पहिला कान जातो. भरलेला डबा कमरेच्या उंचीवरून दोन-तीनदा फरशीवर टाकून बघा. एसटीच्या टपावरचा प्रवास त्याहून सौम्य नसतो.